उरलेल्या टेपवर बापू

बापू, काल तुमची गंधमुक्ती झाली. खांडबाऱ्याच्या बाजारपेठेतच मांडव घातला होता आणि अख्खा बाजार जेवून गेला. तेराव्याचं असं जेवण मी आजवर कुठे पाहिलं नाही. ते कसं पार पडलं ते सांगतोच, तुम्हाला आवडेल. आज सकाळच्या गाडीने मी नंदुरबारला घरी परतलो. तुमची बहीण, म्हणजे आमची सुमन, अजून तिकडेच वहिनींजवळ आहे. घरात मी आहे आणि तुम्ही भरून दिलेल्या कॅसेटींचं कपाट आहे. म्हटलं, आता निवांत भांडू.

कारण समोरासमोर आपण कधी भांडलोच नाही. तुम्ही शालक, मी पाव्हणा. आपल्याकडे शालक जावयाला उलटून बोलत नाही. मी भर उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणालो असतो तरी तुम्ही "हाव पाव्हना" म्हणत गोधडी काढली असती. मला खुर्ची द्यायची आणि स्वतः स्टुलावर बसायचं, माझ्या ताटात आधी वाढायचं, हे तुम्ही माझ्या लग्नापासून शेवटपर्यंत पाळलंत. पण मनातलं गिळून टाकणाऱ्यांतले तुम्ही नव्हतात. तोंडाने बोलता येत नव्हतं, म्हणून टेपवर बोललात.

तुमच्या दुकानाची रीत आता कुणाला ठाऊक नाही. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमचं रेकॉर्डिंग सेंटर. एका मशीनमध्ये मूळ कॅसेट, दुसऱ्या मशीनमध्ये कोरी, आणि गाणं जितकं लांब तितका वेळ थांबायचं. भराभर उतरवून घेणारं बटन तुमच्याही मशीनला होतं, पण त्याने आवाज चिरका होतो म्हणून तुम्ही ते कधी दाबलं नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक जे आणील ते तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागायचं. मधेच कुणाचा रेडिओ उघडून बसलेले, मधेच चहावाल्याशी हुज्जत, आणि कान तिकडे. गाण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगायचात.

आणि मी कोण? बँकेत नोकरी करणारा, गाण्याचा महापंडित. महिन्यातून एकदा सुरतेला जायचो. तिथे एक दुकानदार देशोदेशीच्या तबकड्या आणि कॅसेटी ठेवायचा. काही विकत घ्यायचो, काही चार दिवसांच्या बोलीवर उसन्या आणायचो आणि येताना खांडबाऱ्याला उतरून तुमच्याकडे भरायला टाकायचो. अल्बम म्हणजे एक अखंड वस्तू, असं माझं ठाम मत. गाण्यांचा क्रम हलवायचा नाही, मधून उठायचं नाही, आणि शेवटच्या गाण्यानंतर जी शांतता पसरते तीही अल्बमचाच भाग, तिला हात लावायचा नाही. हे सगळं मी तुम्हाला खुर्चीत बसून समजावलं होतं. तुम्ही मान डोलावली होतीत.

मग मी तुमच्याकडे पहिला अल्बम दिला, सतारीचा. दोन्ही बाजूंना एकच राग. घरी आणून, दिवा मंद करून, डोळे मिटून ऐकत बसलो. शेवटचा जलद झाला वाजून संपला, शेवटची तार विरत गेली, माझ्या डोळ्यांत पाणी. आणि त्या शांततेत एकदम तमाशातला सोंगाड्या ओरडला, "अरे, पन मन्ही बायको कोठे गयी?" पाठोपाठ लोकांचा हशा आणि ढोलकी. मी खुर्चीतून पडायचा राहिलो. सुमन स्वयंपाकघरातून धावत आली आणि दाराला धरून हसत सुटली.

दुसऱ्याच दिवशी मी तुमच्यासमोर उभा. तुम्ही आधी खुर्ची पुसलीत, मग म्हणालात, "टेप उरेल व्हती ना, पाव्हना. कोरी कशी देवानी?"

मी म्हणालो, "अहो, पण सतारीनंतर तमाशा?"

"तो बिचारा कव्हयपासून एकलाच बोली ऱ्हायना व्हता. माले वाटनं, त्याले कोनीतरी जबाब देवाले पाहिजे."

मी कॅसेट घेऊन परतलो. घरी आल्यावर सुमन म्हणाली, "त्यासले रागे नका भरू. तुमनासंगे भांडता येत नही, म्हनीसन टेपवर भांडतस." तेव्हा मला उमगलं की हा चुकून भरलेला मजकूर नाही. माझ्या शालकाने मला उत्तर दिलं आहे.

तिथून आपलं युद्ध सुरू झालं. मी ठरवलं, एक दिवस असा अल्बम आणीन की ज्याच्यापुढे बापूंना काही सुचणारच नाही. उरलेली टेप कोरी येईल. त्या दिवशी मी जिंकलो. बाकी मला काही नको होतं.

युरोपातली एक भलीमोठी सिम्फनी आणली. शंभरेक वादक, शेवटाला असा काही कल्लोळ की घराच्या काचा थरथरतात. तुमची तक्रार अशी की संपलं समजून तुम्ही पुन्हा पुन्हा बंद करायला जायचात आणि ते परत सुरू व्हायचं. "आपला बोरदना मामा कसा, निघस निघस म्हनस आनि दारमा उभा ऱ्हास! तसाच हाऊ." आणि त्या सिम्फनीच्या शेपटीला तुम्ही काय जोडलंत, तर खांडबारा स्टेशनातून पॅसेंजर गाडी सुटते त्याचा आवाज. शिट्टी, धक्का, रुळांचा खडखडाट, आणि मग गाडी खरोखर निघून जाते. टेपरेकॉर्डर घेऊन फलाटावर उभे राहिला होतात म्हणे. मी चिडलो होतो, बापू, पण त्या संगीतकाराला असा खणखणीत टोला आजवर कुणी मारला नसेल.

इंग्रजी पोरांचा एक गाजलेला गिटारचा अल्बम होता. त्यावर तुमचं मत एका वाक्यात, "हाऊ गिटारवाला आनि विसरवाडीना ट्रकवाला एकच शाळामा शिकेल शेतस." आणि पुराव्यादाखल विसरवाडीच्या चौफुलीवर एकमेकांना वाट न देणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. दारू आणि विरहाच्या गझलांचा दुहेरी संच दिला, तर मागून आठवडी बाजारातला जडीबुटीवाला आला, काळीज, यकृत, पोटातला गोळा, सगळ्यांवर एकच मुळी. अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं ते संथ, उदास ट्रम्पेट मी किती जपून आणलं होतं! त्याच्यामागे तुम्ही आपल्याकडच्या लग्नाचा बँड लावलात, तोही भर दुपारी मिरवणूक लांबल्यावर दमलेला. ऐकताना पहिल्यांदा मला आपल्या बँडवाल्याच्या ओठांची कीव आली. तोवर मी त्याला नुसता आवाज समजत होतो.

एकदा मी फार हुशारी केली. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना बरोब्बर पुरेल एवढाच अल्बम शोधून काढला, दक्षिणेतल्या व्हायोलिनचा. साठ मिनिटांची टेप, साठ मिनिटांचं वादन. आता बघू बापू काय करतात! तुम्ही कॅसेट हातात देताना चेहरा अगदी गरीब केलात. "पाव्हना, साठनी संपी गयथी. नव्वदनी टाकी दिन्ही." पुढचा अर्धा तास मला बकऱ्यांच्या बाजारातली घासाघीस ऐकावी लागली. आणि कबूल करतो, ताना दोन्हीकडे होत्या.

नेहमी चेष्टाच केलीत असं नाही. कव्वालीचा तो अल्बम आठवतो? तो ऐकून तुम्ही बरेच दिवस काही भरलंच नाहीत. मला वाटलं, जिंकलो. मग होळीच्या दिवसांत तुमचा निरोप आला की या. आपण नवापूरच्या डोंगरकडेच्या एका गावात गेलो. मोठमोठे ढोल, पायांत घुंगरू बांधून गोल धरलेली माणसं, कुणालाच थांबायची घाई नाही. तुम्ही टेपरेकॉर्डर पोटाशी धरून उभे आणि मी शेजारी. घरी येऊन लागोपाठ ऐकलं, आधी कव्वाली आणि मग ढोल. मला म्हणालात, "त्या बी थांबतस नही, ह्या बी थांबतस नही. एकमेकसले भेटाडी दिन्हं." त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता. पण जावई कौतुक कुठे करतो! मी म्हणालो, आवाज जरा फाटलाय.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगतो.

माझी कोकणात बदली झाली ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. सुमनचं तिथे मन रमेना, माझंही नाही. सगळं हिरवंगार आणि ओलं, माणसं चांगली, पण बोलणं वेगळं, भाजीची चव वेगळी. मी इथून तिथून अल्बम मिळवून तुम्हाला पाठवायचो, तुम्ही भरून परत पाठवायचात. पियानोचा एक अल्बम होता, नुसता पियानो, एकच माणूस. तो संपला आणि मागून नंदुरबारची मिरचीची पथारी आली. उन्हात पसरलेल्या लाल मिरच्यांचे देठ खुडत बसलेल्या बायका. कट, कट, कट. मधेच एकीला ठसका लागतो, तिला हसताना दुसरीला लागतो, मग सगळ्याच शिंकतात आणि हसतात. शेवटी तुमचा आवाज, "पाव्हना, ह्या बी बोटंच चालाडी ऱ्हायन्यात."

सुमन आणि मी जणू त्या पथारीवरच जाऊन बसलो. मला चक्क ठसका लागला, बापू. कोकणातल्या त्या दमट खोलीत मिरचीचा ठसका. मग आम्ही दोघं रडलो आणि पोटभर हसलो. त्यानंतर तिथे असेपर्यंत मी अल्बम घाईघाईने ऐकायचो. केव्हा एकदा संपतो आणि तुम्ही येता असं व्हायचं. तुम्हाला मात्र पत्रात लिहिलं, "पियानोची नासाडी केलीत." तुम्ही उत्तर दिलंत, "चुकनं असनार." किती खोटारडे होतो आपण दोघं!

पुढे कॅसेटी गेल्या. तुमच्या पाटीवर मोबाईल रिपेअरिंग आलं, मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. कार्डात टेप उरत नाही, म्हणून मला वाटलं तुमचा हात बांधला गेला. पण प्रत्येक अल्बमच्या शेवटी एक जास्तीची फाईल सापडायचीच. मग कार्डही गेलं, सगळं फोनवर आलं. मी तुम्हाला अल्बमची लिंक पाठवायचो, तुम्ही आवाजाचा मेसेज. आता तर अल्बम संपला की फोन स्वतःच पुढचं काहीतरी लावतो. तेव्हा मी तुम्हाला चिडवलं होतं, घ्या, तुमचं काम यंत्राने घेतलं. तुम्ही थोडा वेळ ते ऐकलंत आणि म्हणालात, "हाऊ तं नुसता हो ला हो करी ऱ्हायना. असा शालक काय कामना?"

मग गेल्या महिन्यात छातीत दुखायला लागलं आणि तुम्हाला नंदुरबारला दवाखान्यात आणलं. मला यायला मिळालं ते दुपारी. तुम्ही उठून बसायला लागलात, पाव्हणा आला म्हणून. मी दटावून निजवलं. तुम्हीच विचारलंत, "काई आनं का ऐकाले?" मी आणलं होतं. एका जुन्या गवयाचा म्हातारपणातला अल्बम. आवाज थकलेला, एकच ओळ धरून बसलेला, पुन्हा पुन्हा तिच्यापाशीच येणारा. माझ्या मते त्याच्यापुढे जगात काही नाही. तो मी इतकी वर्षं तुमच्यापासून लपवून ठेवला होता, बापूंनी त्याच्यामागे म्हशींचा गोठा लावला तर मला सोसणार नाही म्हणून. तुमच्या कानांत मी इअरफोन घातले. तुम्ही डोळे मिटून सबंध ऐकलंत. मधून उठला नाहीत, अर्थात उठणार कुठे! संपल्यावर माझ्याकडे पाहिलंत आणि काहीतरी बोलायला ओठ हलवलेत. मग हसलात. "पाव्हना, उद्या सांगसू."

सकाळी वहिनींचा फोन आला.

म्हणजे मी जिंकलो होतो. अखेर मी असा अल्बम आणला होता की ज्याच्यामागे तुमचं काही नव्हतं. आयुष्यभर ज्या कोऱ्या टेपसाठी झगडलो ती मला मिळाली, आणि तिच्याकडे मला बघवेना. त्या दिवसापासून मी तो गवई लावायचो आणि संपायच्या आधी बंद करायचो. पुढची शांतता ऐकायची छाती नव्हती. सुमनला मी हे बोलून दाखवलं. 

आता कालचं सांगतो.

जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. ज्यांनी तुम्हाला आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं त्यांनी तुम्ही किती शांत स्वभावाचे होतात ते सांगितलं. मग माईकवरून पुकारा झाला, आता पाव्हणे दोन शब्द बोलतील. मी उभा राहिलो.  खिशातून फोन काढला आणि माईकला लावला. सांगितलं, बापूंनी ऐकलेलं हे शेवटचं गाणं आहे, त्याचा शेवट ऐकू. त्या म्हाताऱ्या गवयाचा आवाज बाजारभर घुमला. तीच एक ओळ, परत तीच, परत तीच. लोक माना खाली घालून बसले. गाणं संपलं. फोन काही पुढचं लावायच्या आत मी तो बंद केला.

आणि तीच शांतता आली, बापू. एवढा मोठा मांडव, पण ताटाचाही आवाज नाही. 

तेवढ्यात बायकांच्या बाजूने सुमनचा आवाज आला. तुमची बहीण, तुमच्या जाण्यापासून धड दोन घास न जेवलेली. मोठ्याने, अगदी चिडून म्हणाली, "काय वं माय, हाऊ बाबा कव्हयना एकच गोष्ट मांगी ऱ्हायना! त्याले कोनी देत का नही?"

 आधी वहिनी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलत, आवरेचना. शेजारच्या बायका हसल्या, मग पुरुषांकडे लोण आलं, आणि अख्खा मांडव हसायला लागला. भटजीबुवाही. मी माईक धरून उभा, डोळ्यांतून धारा, आणि त्या सगळ्यांत मोठ्याने हसणारा मीच.

त्यानंतर कुणी थांबेचना. एक म्हातारे डॉक्टर उठले आणि म्हणाले, त्यांच्या भावगीतांच्या कॅसेटमागे तुम्ही त्यांच्याच दवाखान्यातलं पोरांचं रडणं भरलं होतं. कापडवाल्या काकांच्या भजनामागे गिऱ्हाइकाशी त्यांनीच केलेलं भांडण निघालं होतं. डोंगराकडून आलेली एक बाई तिकडच्या आदिवासी कोकणी बोलीत काहीतरी सांगून हसत होती, ते सुमनला कळलं, तिच्या लग्नाच्या गाण्यांमागे तुम्ही परदेशी पियानो जोडला होता आणि तिच्या घरी तो अजून वाजतो. तो माझाच पियानो, बापू! मला वाटायचं तुम्ही फक्त मला उत्तरं देता. अख्ख्या तालुक्याशी तुमचं भांडण चालू होतं. क्षणभर मला सवत मिळाल्यासारखं वाटलं, आणि मग छाती अशी फुगली की विचारू नका.

सुमन तिथेच उठून उभी राहिली. भावाच्या हळदीला बहीण म्हणते ते गाणं तिने धरलं. गंधमुक्तीच्या मांडवात हळदीचं गाणं! दोन-चार म्हाताऱ्यांनी हातवारे केले, पण वहिनींनी टाळी दिली आणि मग कुणाचं काय चालतंय. बायकांनी आवाज चढवला, बँडवाल्यांपैकी जेवायला आलेल्या एकाने उलट्या पातेल्यावर ठेका धरला. मी माईक घेऊन सुमनजवळ गेलो आणि तिच्या तोंडासमोर धरून उभा राहिलो. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. ती मी परत पाठवली. माईकची वायर आखूड पडत होती म्हणून वाकून उभा राहिलो, जावई असून.

गाणं संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माईक माझ्या हातात. तुम्हाला माहीत आहे, मी चारचौघांत नेहमी बँकेतली मराठी बोलतो. काल नाही बोललो. माईक तोंडाशी धरला आणि भर मांडवात सांगितलं, "बापू, मी हारनू."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तुम्हाला ऐकू आल्याच असतील. स्पीकर तुमच्याच दुकानातले होते.